मूठभर तांदळाचा हिशेब

बारा गुंठे. बूंची शेती एवढीच. त्यातले सात गुंठे घरचे, पाच दिराचे, अर्धेलीनं केलेले. मी वाळवा तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात वाढले. आमच्याकडे बारा गुंठ्यांवर कुणी संसाराचा हिशेब मांडत नाही. गोठा, वैरण आणि घरापुरती भाजी यांतच तेवढी जागा संपते. इथं त्याच जमिनीचे चार तुकडे आहेत, प्रत्येक बांधावर काही ना काही लावलेलं आहे, आणि तुम्ही काय करता असं कुणी विचारलं तर बू सांगतात, "आम्ही शेतकरी."

हे गाव जावा बेटावरचं. योग्यकर्ता शहराच्या उत्तरेला स्लेमान जिल्हा आहे, त्यातल्या सेयेगान भागातली ही साठ-सत्तर घरांची वाडी. कृषी पदवीनंतर पुढच्या शिक्षणासाठी मी योग्यकर्त्याला आले आणि शहरात खोली घेण्याऐवजी बूंच्या घरात पेइंग गेस्ट म्हणून राहिले. इथं वयानं मोठ्या बाईला बू म्हणायचं, पुरुषाला पाक, आणि म्हाताऱ्या माणसाला, मग ती आजी असो वा आजोबा, म्बाह. मी सगळ्या वाडीची ‘म्बा’, म्हणजे ताई. नावानं हाक फक्त लहान मुलांना.

जावाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२० च्या जनगणनेत त्यावर पंधरा कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. इंडोनेशियाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या या एका बेटावर राहते. २०१३ च्या कृषी गणनेत देशातल्या अर्ध्याहून जास्त शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन निघाली, म्हणजे सव्वा एकराच्या आत. जावात तर हेच सर्रास. तेव्हा बूंचे बारा गुंठे हा अपवाद नाही. प्रश्न असा की एवढ्यावर गाव चालतं कसं? इथं राहून मला त्याचं जे उत्तर मिळालं, ते शेतात थोडं आणि स्वयंपाकघरात जास्त सापडलं.

आधी शेत. ईशान्येला मेरापी ज्वालामुखी उभा आहे, उंची सुमारे २,९०० मीटर. पहाटे आभाळ स्वच्छ असलं तर त्याच्या तोंडातून निघणारा धूर अंगणातून दिसतो. या डोंगरानं शतकानुशतकं ओकलेली राख नद्यांनी खाली आणून पसरली आणि त्यातून ही काळी, भुसभुशीत माती तयार झाली. त्याची किंमतही माणसं मोजतात. २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. डोंगराचे परंपरागत राखणदार म्बाह मारिजान यांनी गाव सोडायला नकार दिला आणि २६ ऑक्टोबरला ते आपल्याच वाडीत गेले. आमच्या वाडीवर तेव्हा नुसती राख पडली. बूंचे नवरे, म्हणजे घरचे पाक, सांगतात, भाताचं पातं न् पातं राखाडी झालं होतं आणि बायकांनी बादल्यांनी पाणी मारून जेवढं धुता येईल तेवढं धुतलं.

पाणी येतं सेलोकान माताराम या कालव्यातून. प्रोगो आणि ओपाक या दोन नद्यांना जोडणारा हा सुमारे तीस किलोमीटरचा कालवा दुसऱ्या महायुद्धात, जपानी अमलाखाली खोदला गेला. जपानी लष्कर जावातल्या तरुणांना धरून दूरदूरच्या बांधकामांवर वेठीला नेत होतं आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत. योग्यकर्त्याचे सुलतान नववे हामेंकुबुवोनो यांनी जपान्यांना पटवलं की इथं कालवा झाला तर भात जास्त पिकेल, पण त्यासाठी माणसं इथंच हवीत. सुलतानानं आपली माणसं अशी वाचवली, ही आठवण इथला प्रत्येक म्हातारा अभिमानानं सांगतो. बूंच्या सासऱ्यांनी या कालव्याची माती वाहिली होती.

वर्षाला भाताची दोन पिकं, तिसऱ्या हंगामात भुईमूग किंवा मका. एका हंगामाला बारा गुंठ्यांत सहा-सात क्विंटल भात निघतं. दिराचा वाटा गेला की उरलेलं घरात येतं आणि ते विकायचं नसतं, खायचं असतं. रोकड दुसरीकडून येते. पाक शहरात गवंडीकाम करतात. मोठी मुलगी तैवानमध्ये एका वृद्ध बाईची सेवा करते आणि दर महिन्याला पैसे पाठवते. जावाच्या खेड्यापाड्यांतून अशा हजारो मुली हाँगकाँग, तैवान, मलेशियात गेल्या आहेत. धाकटा मुलगा मोटरसायकलच्या गॅरेजात आहे. आणि बू एम्पिंग करतात. परसातल्या मेलिंजो झाडाच्या बिया तापलेल्या वाळूत भाजायच्या, कवच फोडायचं, गरम आहे तोवर दगडावर ठेवून एकेक बी ठोकून कागदासारखी पातळ चकती करायची, मग उन्हात वाळवायची. दुपारी वाडीत फिरलं की घराघरांतून ठोकण्याचा आवाज येतो. व्यापारी वजनावर घेऊन जातो. पैसे फार नाहीत, पण ते बूंच्या हातात येतात आणि त्यांचा हिशेब पाक विचारत नाहीत.

परसाला इथं पेकारांगान म्हणतात आणि मी शेती शिकलेली असून मला त्यात पहिले काही आठवडे नुसतं जंगल दिसायचं. नारळ, फणस, पपई, केळी, कसावा, हळद, आलं, गलांगल, मागं बांबूचं बेट, कोपऱ्यात माशांचं छोटं तळं, पायात कोंबड्या. पहाटेच्या नमाजानंतर बू खराट्यानं अंगण झाडतात आणि परसातून फिरून येतात तेव्हा त्यांच्या ओच्यात त्या दिवसाची भाजी असते. कच्चा फणस नारळाच्या दुधात शिजतो, कसावाचा कोवळा पाला उकडला जातो. विकत आणायचं ते टेम्पे. सोयाबीन शिजवून, साल काढून, त्यावर बुरशीचं विरजण लावून केळीच्या पानात बांधायचं. दोन दिवसांत दाणे पांढऱ्या बुरशीनं एकमेकांना चिकटून घट्ट वडी होते. तळलेलं टेम्पे, पाट्यावर वाटलेला मिरचीचा साम्बाल आणि भात, हे इथलं गरिबाचं जेवण. गरिबाचं असलं तरी त्यातलं सोयाबीन आता बहुतेक अमेरिकेतून येतं.

लावणी बघण्यासारखी असते. पुरुष आदल्या दिवशी रोपं उपटून जुड्या बांधून चिखलात टाकून ठेवतात. सकाळी सहाला बायका दोरी ताणून एका ओळीत उभ्या राहतात आणि मागं मागं सरकत लावत जातात. बोलणं थांबत नाही, हातही थांबत नाहीत. नऊला मालकीण चहा आणि तळलेली केळी घेऊन येते. मजुरी रोख असते, पण कोण कुणाच्या शेतात जायचं हे मजुरीवर ठरत नाही. गेल्या हंगामात तू माझ्याकडे आलीस, आता मी तुझ्याकडे. आमच्या भागातल्या वयस्कर वाचकांना सावड आणि इर्जिक आठवेल.

या भागात सगळ्यांनी एकाच सुमाराला लावणी करायची, असा दंडक आहे. पाणी सोडणारा गावचा माणूस वेळापत्रक लावतो आणि त्यानुसार चालावं लागतं. त्यामागचं कारण उंदीर आहेत. एकानं मागं-पुढं लावलं तर उंदरांना बारा महिने खायला मिळतं आणि त्यांची वीण थांबत नाही. म्हणून हंगामाआधी एका सकाळी सगळी वाडी फावडी, काठ्या आणि धुरासाठी गंधक घेऊन बांधांवर उतरते आणि बिळं उकरून उंदीर मारते. त्या दिवशी शिक्षकही येतो, टेलरही येतो. ज्याच्याकडे शेत नाही तोही येतो, कारण उद्या त्याच्या घरी काही निघालं की हीच माणसं लागणार आहेत.

शेजारचे पाक सत्तरीला टेकलेले आहेत. त्यांच्यामुळे मला एक गोष्ट इथं येऊन कळली, जी मला आमच्या महाविद्यालयात कळायला हवी होती. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सुहार्तो सरकारनं नव्या जातींचं बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचं पॅकेज गावोगाव दिलं. कीटकनाशकावर भरघोस अनुदान होतं. भाताचं उत्पादन वाढलं, १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण फवारणीनं शेतातले कोळी आणि भक्षक किडे आधी मेले, आणि तपकिरी तुडतुडे मोकाट सुटले. तुडतुड्यानं रस शोषलेलं शेत जळाल्यासारखं दिसतं. जितकं फवारावं तितका तुडतुडा वाढत होता. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतलं गेलं. मग १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या.

ही शाळा बांधावर भरायची. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पूर्ण हंगाम. पाच-पाच जणांचा गट चिखलात उतरायचा, ठरावीक चुडांवर किडी किती आणि त्यांना खाणारे मित्र किती हे मोजायचा, मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढायचा आणि या आठवड्यात फवारायचं की नाही ते सगळ्यांसमोर सांगायचा. शिकवणारा उत्तर देत नसे, उलट प्रश्न विचारत असे. दहा वर्षांत सुमारे दहा लाख शेतकरी या शाळांतून गेले. शेजारचे पाक त्यांतले एक. आजही ते सकाळी चुडाच्या बुंध्याशी हात घालून पाणी हलवतात आणि पाण्यावरून पळणारे कोळी मोजतात. लावणीनंतर पहिले तीस-चाळीस दिवस ते औषधाला हात लावत नाहीत. महाराष्ट्रात कृषी विभाग कापूस-सोयाबीनसाठी ज्या शेतीशाळा घेतो, त्यांचं मूळ या जावातल्या चिखलात आहे. आमच्या गावात शेतीशाळेचा फलक मी लहानपणापासून पाहिला होता. तो विचार कुठून आला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं नातं उसाचं. माझे आजोबा ‘चारशे एकोणीस’ उसाचं नाव काढलं की खुलायचे. दख्खनच्या कालव्यांवर तो ऊस अनेक दशकं उभा होता. कोइमतूरला तयार झालेल्या या को ४१९ जातीचा एक पालक म्हणजे पीओजे २८७८, पूर्व जावातल्या पासुरुआनच्या ऊस संशोधन केंद्रात तयार झालेला ऊस. ते केंद्र डच साखर कारखानदारांच्या पैशावर चाललं, आणि तो पैसा जावाच्या शेतकऱ्याच्या घामाचा होता. १८३० पासून डचांनी गावांवर सक्ती केली की जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायचा. उसाला भाताचीच पाण्याखालची जमीन लागे. माणसं वाढत होती, भाताची जमीन आकसत होती. आजच्या तुकड्यांचं एक मूळ त्यात आहे.

आता स्वयंपाकघर. मी इथं आल्यानंतर काही महिन्यांनी गल्लीप्रमुखांच्या मुलीचं लग्न निघालं. साधारण तीस-चाळीस घरांचा एक गट असतो, त्याला एर्ते म्हणतात, आणि त्याचा एक निवडलेला प्रमुख असतो. लग्नाच्या तीन दिवस आधी बू मला म्हणाल्या, "म्बा, तुमची सुरी घ्या." गल्लीतल्या सगळ्या बायका आपापली सुरी आणि फळी घेऊन त्या घरी जमल्या होत्या. याला रेवांग म्हणतात. बोलावणं जातं, पण मजुरी नाही, आणि आचारीही नाही. कुणी काय करायचं ते वयानं आणि हातानं ठरलेलं. भाताची जबाबदारी एका म्हाताऱ्या म्बाहकडे, कारण भात बिघडला तर घराची अब्रू जाते. चहाची चूल पुरुषांकडे. पानं नव्हे, ताटल्या घेऊन पाहुण्यांत फिरायचं काम गल्लीतल्या पोरापोरींचं, तेही ओळीनं उभं राहून हातोहात. मला पहिल्या दिवशी लसूण सोलायला बसवलं. तिसऱ्या दिवशी नारळ किसायला दिला, तेव्हा बूंनी घरी आल्यावर पाकना ते आवर्जून सांगितलं.

त्या तीन दिवसांत मला वाडीची जेवढी माहिती झाली तेवढी आधीच्या सगळ्या महिन्यांत झाली नव्हती. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाच्या सासूला साखर आहे, कोणाचं शेत कुणी करायला घेतलंय, कुणाच्या घरी चूल थंड आहे. शेवटची बातमी हळू आवाजात सांगितली जाते आणि संध्याकाळी त्या घरी उरलेल्या अन्नाचा डबा जास्त भरून जातो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. प्रत्येक समारंभाला पाकीट द्यावं लागतं. बूंकडे आहेराची वही आहे, अगदी माझ्या आईकडे आहे तशीच. कुणी तांदूळ किती दिला, साखर किती, पैसे किती, सगळं तारखेसह लिहिलेलं. जेवढं आलं तेवढं तरी परत गेलंच पाहिजे. जावानी पंचांगातल्या बसार महिन्यात लग्नांची इतकी गर्दी होते की एका आठवड्यात चार-पाच पाकिटं निघतात. एकदा बूंनी त्यासाठी भुईमूग वेळेआधी, पडत्या भावात विकला. नाही दिलं तर? कुणी काही बोलत नाही. पण पुढच्या वेळी सुरी घेऊन येणाऱ्या बायका कमी होतात. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तिचा धाकही वाटतो.

भिशीही आहे. तिला आरिसान म्हणतात. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती जिम्पितान. प्रत्येक घराच्या दाराशी खिळ्याला एक छोटं भांडं टांगलेलं असतं, कुठं बांबूचं, कुठं प्लास्टिकच्या पेल्याचं. झोपण्याआधी बाईनं त्यात मूठभर तांदूळ टाकायचे. रात्री गस्तीवर असलेले पुरुष, प्रत्येक घराची पाळी ठरलेली, एक चक्कर मारतात आणि भांडी रिकामी करत जातात. आता बहुतेक घरं पाचशे रुपियांचं नाणं टाकतात, आपले जेमतेम अडीच-तीन रुपये. ज्या घराचं भांडं सलग रिकामं दिसतं तिथं कुणी आजारी आहे का हे दुसऱ्या दिवशी विचारलं जातं. गस्तीच्या चौकीत लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो. तो न थांबता भराभर वाजला की संकट, सगळ्यांनी बाहेर यायचं.

या चिल्लरमधून रस्त्यावरचे दिवे लागतात, मांडव आणि खुर्च्या घेतल्या जातात, दवाखान्यात असलेल्या माणसाला पाकीट जातं. दर पस्तीस दिवसांनी बैठक होते आणि खजिनदार शेवटच्या नाण्यापर्यंतचा हिशेब वाचून दाखवतो. चटईवर बसलेली माणसं चहा पीत तो ऐकतात. मी आमच्या ग्रामसभा पाहिल्या आहेत. गावकऱ्यांच्या पैशाचा इतका नेमानं वाचलेला हिशेब मी तिथं ऐकलेला नाही.

पस्तीस दिवस का, तर इथं सात वारांबरोबर पाच दिवसांचा एक बाजारआठवडाही चालतो: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही चक्रं पस्तीस दिवसांनी पुन्हा जुळतात. माणसाचा जन्मवारही असा जोडीनं सांगतात, आणि लग्नाची तारीख त्यावरून निघते. या जावानी पंचांगात आपला शालिवाहन शक लपलेला आहे. शके १५५५ पर्यंत जावात शकच चालत होता. १६३३ मध्ये माताराम राज्याच्या सुलतान आगुंगनं इस्लामी चांद्रमहिने स्वीकारले, पण वर्षांची मोजणी नव्यानं सुरू न करता शकाच्या आकड्यापासूनच पुढं चालू ठेवली. शेतीसाठी वेगळं, सूर्यावर चालणारं बारा ऋतूंचं पंचांग आहे. जून अखेरीस ते सुरू होतं, आणि कुठल्या ऋतूत कुठलं झाड फुलतं, कुठला किडा ओरडतो यावर पेरणी ठरते, जसं आमच्याकडे मृग आणि आर्द्रा. शेजारचे पाक म्हणतात की गेली काही वर्षं पाऊस या पंचांगाला जुमानत नाही.

वाडी मुसलमान आहे, पाचही नमाज होतात. कापणीआधी बू शेताच्या कोपऱ्यात भात, अंडं आणि फुलं ठेवून भाताची देवी, देवी श्री, हिला नमस्कार करतात. वर्षातून एकदा गावाच्या सणाला रात्री नऊ ते पहाटेपर्यंत वायांग होतो, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, आणि पाच वर्षांची पोरंही अर्जुन, भीम आणि घटोत्कचाला सावलीवरून ओळखतात. काही तरुणांना देवी श्रीचं ताट पटत नाही. तेही त्या दिवशी जेवायला येतात.

या गल्लीगटांचा इतिहास मात्र सगळाच गोड नाही. एर्तेची रचना जपानी लष्करानं युद्धकाळात माणसांवर नजर ठेवायला आणली. पुढं सुहार्तो राजवटीनंही ती तशीच वापरली. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून देशात किमान पाच लाख माणसं मारली गेली, त्यांतली फार मोठी संख्या मध्य आणि पूर्व जावाच्या अशाच खेड्यांतली होती, आणि यादी पुष्कळदा शेजाऱ्यांकडून गेली. इथल्या एकोप्याचं कौतुक लिहिताना हे लिहिणं मला आवश्यक वाटतं. जवळ राहणाऱ्या माणसांना एकमेकांचं सगळं माहीत असतं, आणि ते कशाकरता वापरलं जातं हे त्या त्या काळाच्या राज्यकर्त्यांवरही अवलंबून असतं.

तीच रचना २००६ मध्ये कामी आली. २७ मेच्या पहाटे सहाच्या सुमारास भूकंप झाला. पाच हजार सातशेहून जास्त माणसं गेली, बांतुल आणि क्लातेन जिल्हे उद्ध्वस्त झाले. आमच्या वाडीतले पुरुष पाळीपाळीनं अवजारं घेऊन बांतुलला गेले. घरबांधणीचा सरकारी पैसा तिथं ठेकेदारांऐवजी शेजाऱ्यांच्या छोट्या गटांना मिळाला. कोणाचं घर आधी उभं राहील हे गटानं बसून ठरवलं, आणि बहुतेक घरं आपल्या जुन्या जागीच उभी राहिली. १९९३ च्या किल्लारीनंतर आपल्याकडे गावंच्या गावं हलवली गेली. नव्या आखलेल्या रस्त्यांवर जुने शेजार तुटल्याचं दुःख तिकडचे लोक अजून सांगतात. बांतुलमध्ये शेजार टिकला. पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांनी एकदा तिथं जाऊन बघावं.

आणि आता? सेलोकान मातारामच्या कडेनं योग्यकर्ता-बावेन टोलरस्त्याचे काँक्रीटचे खांब उभे राहिले आहेत. ज्यांची शेतं गेली त्यांना मोबदला मिळाला, काहींनी दूर दुसरी जमीन घेतली, काहींनी गाडी घेतली. शहरही या बाजूला सरकतंय. भाताच्या मधोमध वसाहतींच्या भिंती दिसतात. लावणीच्या ओळीत पन्नाशीच्या आतली बाई मी पाहिलेली नाही. बूंचा मुलगा रात्रीच्या गस्तीला नेमानं जातो, रेवांगच्या वेळी ताटल्या फिरवतो, उंदरांच्या सकाळी सगळ्यांत पुढं असतो. शेत करशील का, असं मी विचारलं तर सरळ नाही म्हणतो. बारा गुंठ्यांत त्याला काही दिसत नाही, आणि त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

माझं मत असं झालं आहे की हे गाव टिकेल. रस्ता आला, मुलं कारखान्यात गेली, तांदळाच्या जागी नाणं आलं, तरी हिशेब वाचला जातोय. भातशेतीबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही.

म्हणून आपल्या कृषी महाविद्यालयांतल्या मुलामुलींना एक सांगणं आहे. इंडोनेशिया सरकार परदेशी विद्यार्थ्यांना भाषा आणि कला शिकायला दार्मासिस्वा शिष्यवृत्ती देतं. तिच्यावर या, आधी भाषा शिका आणि मग एखाद्या वाडीत राहा. बोरोबुदुर आणि प्राम्बानानची मंदिरं पुढं शतकभर बघता येतील. शेतीशाळेच्या पहिल्या पिढीतली माणसं, पाण्यावरचे कोळी मोजून फवारणी ठरवणारी, आता सत्तरीला आली आहेत. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर ते पुढच्या दहा वर्षांतच शिकावं लागेल.